दीड महिन्याचे मुळे

आमचे घरमालक माणसांशी पाण्यावरून बोलायचे.

मुंबईजवळच्या गिरीज गावात त्यांची वाडी होती आणि वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे केळी-नारळींना पाणी देण्यासाठी वाडवडिलांनी खणून ठेवलेलं लहानसं तळं. बावखलाच्या अलीकडे घराची ओटी आणि पलीकडे दोन दगडांवर टेकवलेली एक फळी. आलेल्या माणसानं फळीवर बसायचं. मालक ओटीवरच्या खुर्चीत. मधे शेवाळ, बेडूक, एखादी गळून पडलेली झावळी. आणि या सगळ्यावरून ते खणखणीत आवाजात विचारायचे, "काय, पोट साफ होतं का?"

उत्तरही तेवढ्याच मोठ्यानं द्यावं लागे. त्यामुळे आमच्या आळीत कुणाचंच काही गुपित उरलं नव्हतं. एकदा एक गृहस्थ मुलीच्या स्थळाबद्दल सल्ला घ्यायला आले. फळीवर बसून त्यांनी दबक्या आवाजात सुरुवात केली, तर मालक कानामागे हात धरून ओरडले, "मुलगा काय करतो म्हणालात? पितो?" त्यावर शेजारच्या वाडीत नारळ सोलत बसलेल्या माणसानं कुंपणापलीकडून खुलासा केला, "पितो नाय भाऊ, शिकतो, शिकतो!"

त्यांना सगळे भाऊच म्हणत. मीही म्हणायचो. भाऊंना दुसऱ्याची किडनी बसवलेली होती, आणि हे पाण्यावरचं बोलणं त्यामुळे होतं.

"त्याचं असं आहे, देशावरचे," ते मला समजावून सांगत. मी साताऱ्याकडचा, म्हणून माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, शेवटपर्यंत 'देशावरचे'च म्हणत. "दुसऱ्याच्या वाडीतलं रोप आणून लावलं की आपल्या वाडीचा राखणदार त्याला उपटायला बघतो. म्हणून गोळ्या देऊन राखणदाराला झोपवून ठेवायचं. रोप जगतं. पण राखणदार झोपला की कुंपणातून कुणीही आत येतो. तुम्हाला नुसती शिंक येते. मला तीच शिंक उचलून नेईल."

त्यांच्या स्वतःच्या दोन किडन्या निकामी होऊन जागच्या जागी होत्या. नव्या माणसाला ते थोड्या ऐटीत सांगत, "माझ्याकडे तीन आहेत. चालते एकच, आणि तीही आक्काची."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. जवळच्याच पापडी गावात दिलेली. दर रविवारी टोपलीत काहीतरी घेऊन यायची, ओटीच्या पायरीवर टेकायची आणि पदरानं तोंड पुसून पहिला प्रश्न विचारायची, "माझी कशी आहे?"

"मजेत आहे," भाऊ म्हणायचे.

"पाणी पाजतोस ना तिला?"

"पाजतो."

"बरं. मग तू कसा आहेस, बाळा?"

हा बाळा तेव्हा साठीला टेकला होता. बहीणभाऊ आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. पहिलं वर्षभर ती मला कळत नव्हती, आणि कळायला लागल्यावर समजलं की त्यातलं बरंचसं माझ्याबद्दलच होतं. इथं मी ती माझ्या भाषेत लिहितोय. आक्कानं वाचलं असतं तर म्हणाली असती, याला तेवढीसुद्धा जमली नाही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो ते नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. लग्न झालेलं नव्हतं, मुंबईतल्या एका कचेरीत नोकरी होती, आणि वाडीतली मागची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं. फळीवर बसवून माझी मुलाखत झाली. नोकरी, गाव, जात, खाणंपिणं, यातलं काही नाही. पहिलाच प्रश्न आला, "कांजिण्या झाल्यात का?"

निरोगी भाडेकरू कुणाला नको असतो? मी छाती पुढे काढून म्हणालो, "छे छे! कांजिण्या नाहीत, गालगुंड नाहीत. मला आयुष्यात काही झालेलं नाही."

भाऊंचा चेहरा पडला. "मग काय उपयोग तुमचा?"

ज्याला कांजिण्या होऊन गेल्यात तो पुन्हा त्या घरात आणणार नाही, असं त्यांचं गणित होतं. माझ्यासारखा कोरा माणूस म्हणजे चालताबोलता धोका. उठून निघालो, तर पाठीमागून हाक आली. "जाऊ नका. लस मिळते आता. घ्याल?"

इतर मालक आगाऊ रक्कम मागतात. यांनी मला बाही वर करायला सांगितली.

लशींबद्दल भाऊंना जेवढं ठाऊक होतं तेवढं मी एकाही डॉक्टर नसलेल्या माणसाला ठाऊक असलेलं पाहिलं नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी त्यांना काविळीची वगैरे जी इंजेक्शनं दिली होती ती त्यांना पाठ होती. ऑपरेशननंतर मात्र लशींचे दोन भाग पडले. काही लशींत मेलेले जंतू असतात, त्या त्यांना चालत. काहींत अर्धमेले, पण जिवंत असतात. तुमच्याआमच्या राखणदाराला ते किरकोळ. झोपलेल्या राखणदाराच्या घरात तेच मालक होऊन बसायचे. "मेलेल्या माझ्या वाट्याच्या, जिवंत तुमच्या वाट्याच्या," ते म्हणत. "माझी लस तुमच्या दंडात राहते, देशावरचे. जपून वापरा."

आणि मी जपलंच. कांजिण्यांची सुई टोचून घेतल्यावर काही दिवसांनी माझ्या पोटावर दोन बारीक फोड आले. लस चांगली लागल्याची ही पावतीच, असं मी स्वतःच ठरवलं आणि सदरा वर करून थेट ओटीवर चढलो. "भाऊ, बघा! लागली!"

साठीचा माणूस खुर्चीवरून उठून, उंबरा ओलांडून, आतून कडी घालेपर्यंत किती चपळ असू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. कधीकधी त्या लशीनंच असे फोड येतात, आणि त्यातही जिवंत मालच असतो, हे त्यांनी मला बंद दाराआडून सांगितलं. फोड सुकेपर्यंत मीही फळीवर. रविवारी आक्का आली, माझ्याकडे लांबूनच पाहिलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. भाऊ आतून हसले. अर्थ मी विचारला नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, फ्लूच्या सुईचा दिवस असे. भाऊ इस्त्रीचा सदरा घालत. आक्का आणि मी त्यांच्यासोबत पापडीच्या डॉक्टरांकडे, तिघंही रांगेनं बाही वर करून. बाहेर आल्यावर ते आमच्या हातावर साखर ठेवत. बाकी घरात सणवार असा नव्हताच. बायको ऑपरेशनच्या आधीच गेलेली. लग्नाकार्याला ते जात, पण मांडवात नाही. एका भाचीच्या लग्नात मी त्यांना पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, मेंदीच्या कुंपणाला लागून उभे. नवा कोट, हातात अक्षता. आत मंगलाष्टकं चालली होती, आणि प्रत्येक 'सावधान'ला हे तिथूनच, समोरच्या मेंदीवर अक्षता टाकत होते. परत निघताना मेंदीच्या पानांत सगळीकडे पिवळे तांदूळ अडकलेले दिसले.

ओटीवर खुर्च्या दोन होत्या. दुसरी ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत. तिच्यावर कुणी बसलेलं मला आठवत नाही.

आता मुळ्यांचं.

भाऊंच्या वाडीत केळी, नारळ, सुपारी, विड्याच्या पानांचे वेल, सगळं शिस्तीत. पण घराच्या उजव्या हाताला एक वाफा होता, त्यात कायम मुळे. वर्षाचे बाराही महिने. उन्हाळ्यात ते धड पोसायचेही नाहीत, नुसता पाला. तरी मुळेच. तेही धड कधी खाल्ले जात नव्हते. बोटाएवढे झाले की एखाद्या दिवशी भाऊ मुकाट्यानं सगळे उपटून टाकत आणि पुन्हा बी पेरत. मग ते कोवळे मुळे मला. मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, कचेरीत डबा उघडला की शेजारचे खिडकी उघडत. म्हाताऱ्यानं काही नवस केला असेल, असं मी समजून चाललो होतो.

दुसरी एक गोष्ट मी रोज बघत होतो आणि तिचाही अर्थ मला कळत नव्हता. भाऊंची मुलगी विरारला, चंदनसारला राहायची. तिला मुलगी झाली होती. ती पोरीला घेऊन यायची आणि फळीवर बसायची. भाऊ ओटीवरून ओरडायचे, "बोट!" मग मुलगी पोरीच्या डाव्या हाताची करंगळी धरून उंच करायची. भाऊ डोळ्यांवर हात धरून बघायचे, मान हलवायचे, आणि मग पाण्यावरून नातीशी गप्पा सुरू. काऊ कुठाय, माऊ कुठाय, सगळं ओरडून. आजोबा आणि नातीचा खेळ असेल, मला वाटायचं. लांब बसवतात ते सर्दीखोकल्यामुळे. मी कचेरीत काम करणारा माणूस. समोरासमोर ठेवलेले दोन कागद एकमेकांना लावून बघायची सवय नव्हती मला.

नात दोन वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस. शनिवारी भाऊ खूश होते. वाफ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी एक मुळा उपटला, मनगटाएवढा, आणि मला दाखवला. "झाला!" म्हणाले. "उद्या नात येणार. सकाळच्या बसनं. तुम्ही स्टॉपवर जाल ना घ्यायला?"

मी गेलो. मायलेकी उतरल्या. मुलगी म्हणाली, "दादा, हिला धरा जरा, मी बाबांना फुलं घेते." ती दुकानात शिरली आणि पोर माझ्या कडेवर. समोरच शाळेच्या पडवीत पोलिओचा बूथ लागला होता. पताका, टेबल, बर्फाचा डबा, आणि दोन बाया. त्यातली एक ओरडली, "ओ दादा, बाळाला डोस पाजला का?"

आता तुम्हीच सांगा. ज्या घरात भाडेकरूलाही लस टोचल्याशिवाय किल्ली मिळत नाही, त्या घरची ही नात. मी रुबाबात म्हणालो, "पाजा की! आमच्या घरात लशीला कुणी नाही म्हणत नाही."

दोन थेंब तोंडात, करंगळीच्या नखावर जांभळी शाई. पोरगी रडलीसुद्धा नाही. मुलगी फुलं घेऊन आली, तिनं ती शाई पाहिली आणि एकदम गप्प झाली. बसच्या गर्दीत दमली असेल, असं मला वाटलं.

वाडीत पाऊल टाकलं तर काय थाट! आक्का आधीच आलेली. ओटीवर मुळ्यांचा ढीग, धुऊन पांढराशुभ्र. दुसरी खुर्ची पुसलेली. भाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात, हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि चक्क ओटी उतरून बावखलाला वळसा घालून आमच्या दिशेनं येत होते. दोन्ही हात पुढे. मी त्यांना इतक्या जवळ येताना कधी पाहिलं नव्हतं. पाचसहा पावलांवर आले, आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "बोट!"

पोरीनं स्वतःच करंगळी वर केली.

भाऊ थांबले. पुढे केलेले हात तसेच राहिले थोडा वेळ. मग त्यांनी ते मागे नेले.

"कुणी पाजले?"

"मी!" मी म्हणालो. अजूनही माझी छाती पुढेच होती.

"छान केलंत," भाऊ म्हणाले. मग नातीला, "कडू होतं का गं?" तिनं मान हलवली. भाऊ वळले, पुन्हा बावखलाला वळसा घालून ओटीवर गेले आणि खुर्चीत बसले. मायलेकी फळीवर बसल्या. शेवटी आक्काच माझ्याकडे बघून म्हणाली, आणि या वेळी मुद्दाम माझ्या भाषेत, "तुला अक्कल देताना देव चहा प्यायला गेला होता का रे?"

संध्याकाळी भाऊ वाफ्यात बी पेरत होते. मी पाण्याची झारी धरून उभा. तेव्हा त्यांनी सांगितलं. पोलिओचे थेंब म्हणजे जिवंत लस. पोराला पाजली की ते जंतू काही आठवडे त्याच्या शीतून बाहेर पडत राहतात. एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, बिघडलंच तर झोपलेल्या राखणदारवाल्याचं. दीड महिना सांभाळायचं, असं त्यांनी धरलं होतं. "मुळाही दीड महिन्याचा. डोस पाजला त्या दिवशी बी पेरायचं. मुळा झाला की नात मांडीवर." पण तेव्हा पोलिओच्या फेऱ्या एकामागून एक येत होत्या. मुळा बोटाएवढा झाला की पुढचा रविवार जाहीर व्हायचा. पावसाळ्यात फेऱ्या थांबायच्या, तेव्हा नातीला सर्दी. आजचा रविवार त्यांनी नीट बेतला होता. सकाळी मुळे तयार, सकाळीच नात मांडीवर, तासभर. मग तिनं परत जाऊन चंदनसारच्या बूथवर संध्याकाळच्या आत डोस घ्यायचा.

"बाळा," आक्का पायरीवरून म्हणाली, "डॉक्टर तुला किती वेळा म्हणाले, तिचे लंगोट बदलू नकोस आणि हात धू, पुष्कळ झालं. घे की पोरीला!"

"डॉक्टरांना पेशंट पुष्कळ. माझ्याकडे चालणारी एकच आहे, आणि ती तुझी आहे."

"मी मागितली का परत?"

"म्हणून तर जपायची."

"मग एक फेरी चुकव. एका डोसानं काय होतंय?"

भाऊ एवढे चिडलेले मी कधी पाहिले नाहीत. हातातलं बी मातीत पडलं. "माझ्या मांडीसाठी तिचे पाय पणाला लावू?" ते म्हणाले. "माझ्या वर्गात होता एक. आठवतो ना तुला? हातावर सरपटत यायचा शाळेत."

आक्काला आठवत असावा. भाऊंनी सांडलेलं बी एकेक करून उचललं आणि ओळीत लावलं. त्या वेळचे मुळेही, सांगायला नको, बोटाएवढेच राहिले.

असं तीनेक वर्षं चाललं. नात फळीवरच मोठी झाली. पाण्यावरून बाराखडी शिकली, पाढे शिकली. शाळेत बाई म्हणायच्या, ही मुलगी एवढी ओरडून का बोलते? मधे माझं लग्न झालं, चंदनसारला फ्लॅट घेतला. जाताना भाऊंनी ओटीवरून हात वर केला. मी फळीपाशी उभा राहून नमस्कार केला. पाच वर्षांत मी त्यांच्या पायाला हात लावला नव्हता, आणि तेव्हाही लावला नाही.

मग एक दिवस कचेरीत फोन आला. पलीकडून तोच पाण्यावरचा आवाज. अख्ख्या टेबलाला ऐकू गेला. "देशावरचे! नातीला पाच पूर्ण झाली! आता बूथ नाही. मुळे तयार आहेत. शेवटचे. या."

रविवारी मी त्या मायलेकींबरोबर गेलो. वाटेत मी पोरीला हात लावला नाही. तशी आक्काची ताकीदच होती. ओटीवर तोच थाट, मुळ्यांचा ढीग, पुसलेली खुर्ची, इस्त्रीचा सदरा. आक्का पायरीवर. भाऊ थोडे वाळले होते.

नात फाटकातून पळत आली, थेट फळीवर बसली, पाय हलवत. डाव्या हाताची करंगळी उंच केली. नख स्वच्छ.

"ये," भाऊ म्हणाले.

ती बसून राहिली.

"ये गं. आता चालतं."

तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा ना, आजोबा बोलावतायत."

"नको," नात म्हणाली. आजोबांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. "मी इथंच बसते. ही माझी जागा आहे."

बावखलात एक बेडूक उडी मारून गेला. मला नेहमी अशा वेळी काहीतरी वात्रट सुचतं. तेव्हा सुचलं नाही. आक्कानं पदर तोंडाला लावला होता. भाऊ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तो हात त्यांनी काढला, ओटीच्या पायऱ्या उतरले आणि केळीच्या बाजूनं, हळूहळू, बावखलाला वळसा घालून आले.

फळीपासून चारपाच पावलांवर होते, तेवढ्यात नात म्हणाली, "थांबा."

ते थांबले.

"बोट दाखवा."

भाऊंनी डावा हात वर केला. करंगळी सरळ केली. नातीनं डोळ्यांवर हात धरून, अगदी त्यांच्यासारखंच, निरखून पाहिलं.

"ते काळं काय आहे?"

"माती. मुळ्यांची."

"शाई नाही ना?"

"नाही."

तिनं थोडा विचार केला. मग ती फळीवर जराशी सरकली.